सव्वा महिना संपला, पोट मात्र आत गेलं नाही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात पुन्हा मांडते. अमळनेर तालुक्यातलं गाव. दुसरं सिझर होऊन सात महिने झाले, त्याच वेळी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही झालं. पोट अजून पाच महिन्यांच्या गरोदर बाईसारखं दिसतं, शेजारच्या बाया "परत दिवस गेले का?" असं विचारतात. खाटेवरून उठताना बेंबीच्या वर मधोमध कण्यासारखा उंचवटा येतो. कंबर दुखते. सासूबाई म्हणतात, पोट नीट बांधलं नाही म्हणून "पोटमा वारा भरी गया". मिस्टरांनी बेल्ट आणून दिलाय. मोबाईलवर एक बाई सांगते रोज क्रंचेस (उताणं पडून डोकं-खांदे उचलायचा व्यायाम) मारा, दुसरी सांगते जन्मात मारू नका. तुम्ही स्वतः चाचपून पाहिलं तर पोटाच्या मधोमध, दोन स्नायूंमध्ये साडेतीन बोटं फट लागली. त्यात महिन्याभरावर कापूस वेचणी आलीय. आणि शेवटी विचारलंत: ही फट बुजेल, की ऑपरेशन करावं लागेल?

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १९ वर्षं फिजिओथेरपी करते आहे. फटीबद्दल विचारायला येणारी बाई पाच मिनिटं बोलली की खरा प्रश्न बाहेर येतो. आत काही फाटलंय का? हंडा उचलला तर आतडी बाहेर येतील का? मी आता कामाची राहिले नाही का? तुमच्याही मनात हेच असावं, असं धरून लिहिते. फाटलेलं काही नाही. ताणलेलं आहे.

आपल्या पोटावर बेंबीच्या दोन्ही बाजूंना दोन उभे स्नायू असतात, बरगड्यांपासून खाली जांघांमधल्या हाडापर्यंत गेलेले. त्यांना मधोमध जोडणारा एक पांढरा, चिवट पट्टा असतो, त्याला लिनिया अल्बा म्हणतात. बाळ वाढतं तसा हा पट्टा रुंद आणि पातळ होतो आणि दोन्ही स्नायू बाजूला सरकतात. यालाच डॉक्टर डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. घरातली नवारीची खाट आठवा. वर्षानुवर्षं वापरून नवार सैल पडते, मधे झोळ येतो. नवार तुटलेली नसते, पण माणूस बसला की मधला भाग खाली जातो. तुमच्या पोटाचंही तसंच, फक्त झोळ बाहेरच्या बाजूला. उठताना पोटातला दाब वाढतो आणि जिथे पट्टा सैल आहे तिथून तो वर डोकावतो. तो कणा म्हणजे हाच दाब.

हे तुमचं एकटीचं नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत ही फट जवळजवळ प्रत्येकीला पडते. नॉर्वेत ३०० पहिलटकरणींवर एक अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुमारे ६० टक्के, सहा महिन्यांनी ४५ टक्के आणि वर्षाने ३३ टक्के बायकांना फट होती. म्हणजे तिघींतल्या एकीला वर्षानेही होती. आपोआप भरून येण्याचा मोठा भाग पहिल्या आठ आठवड्यांत होतो, पुढे वेग मंदावतो. सात महिन्यांनी तुम्हाला फट लागते यात घाबरण्यासारखं काही नाही. पण नुसती वाट पाहून ती आता फारशी कमी होणार नाही, हेही खरं.

ऑपरेशनमुळे पोट सुटलं का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. आपल्याकडे हा समज घट्ट आहे. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्ये गर्भनलिका बांधतात, पोटाचे स्नायू कापत नाहीत. सिझरमध्येही हे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधल्या पट्ट्याच्या रेषेत बाजूला करतात. फट मुख्यतः गरोदरपणातल्या ताणाने पडते, म्हणून नॉर्मल झालेल्या बायकांनाही ती असतेच. सिझरचा त्रास वेगळा. टाक्यांच्या भीतीने बाई महिनोन्‌महिने पोट वापरतच नाही आणि आतले स्नायू झोपून जातात. टाक्याच्या वर कातडीची घडी लोंबते, तिचा फटीशी संबंध नसतो. तुमचं पोट पुढे दिसण्यात फटीचा वाटा किती, कातडी आणि चरबीचा किती, उभं राहण्याच्या पद्धतीचा किती, हे मला इथून सांगता येणार नाही. समोर पाहिल्याशिवाय कोणीच सांगू नये.

आता साडेतीन बोटांकडे येते, कारण या आकड्यानेच तुमची झोप उडवलेली दिसते.

बोटांचं माप ढोबळ असतं. माझी बोटं बारीक, माझ्या सहायक बाईंची जाड. एकाच पोटावर आम्हा दोघींचं माप अर्ध्या-पाऊण बोटाने चुकतं. नेमकं माप सोनोग्राफीत कळतं. साधारण दोन बोटांपर्यंतची फट आम्ही चालवून घेतो. पण रुंदीपेक्षा मला तळ कसा लागतो ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ते तुम्ही घरीच पाहू शकता. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, जमिनीवर सतरंजी टाकून उताणं पडा. गुडघे वाकवा, तळवे जमिनीवर. बोटांची टोकं पायांकडे करून ती बेंबीच्या जरा वर ठेवा आणि डोकं, खांदे किंचित उचला. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना भिडतील. त्या कडांमध्ये बोटं आत किती रुततात? मळलेल्या कणकेसारखं मऊ लागतं, की ताणलेल्या चामड्यासारखं खाली अडतं? बेंबीवर आणि बेंबीच्या खाली तेच करा. मग दुसऱ्यांदा करताना आधी तोंडाने हळू श्वास सोडा, लघवी मधेच रोखावी तसं खालचं अंग आत ओढा आणि नंतर डोकं उचला. या वेळी तळ पहिल्यापेक्षा ताठ लागला तर ती फार चांगली खूण आहे. आतले स्नायू जागे आहेत आणि पट्टा ताण घेऊ शकतो, असा त्याचा अर्थ. तीन बोटांची पण तळ ताठ असलेली फट मला दोन बोटांच्या पिळपिळीत फटीपेक्षा कधीही परवडते.

आकड्याबद्दल एवढं सांगण्यामागे माझी एक चूक आहे. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत एका मुलीला मी तपासून सरळ सांगितलं, "चार बोटं आहे, जपा." पुढे काय करायचं ते तेवढ्याच ठामपणे सांगितलं नाही. ती तीन महिन्यांनी आली तेव्हा बाळाला उचलायचं तिने सोडलं होतं. बाळ सासूच्या कडेवर, पाजायला तेवढं तिच्याजवळ. फट तेवढीच होती आणि पाठ, मांड्या, दंड सगळं कमजोर झालेलं. तिच्या पोटापेक्षा माझ्या त्या एका वाक्याने तिचं जास्त नुकसान केलं. तेव्हापासून मी कोणालाही माप सांगताना, आज काय काय उचलायला हरकत नाही, ते आधी सांगते.

पण एक गोष्ट मात्र फटीबरोबर मिसळू देऊ नका, ती म्हणजे हर्निया. फटीत पट्टा सैल पण अखंड असतो. हर्नियात पट्ट्याला किंवा बेंबीला भोक पडतं आणि त्यातून आतली चरबी किंवा आतडं बाहेर येतं. फटीचा उंचवटा लांबट असतो आणि उठताना दिसून पडल्यावर जातो. हर्नियाचा फुगवटा एका जागी, गोल, सुपारीएवढा किंवा लिंबाएवढा. उभं राहून खोकलात तर तो बोटाला धक्का देतो. बेंबी आधी आत होती आणि आता बाहेर आली असेल, किंवा सिझरच्या टाक्यावर असा गोळा येत असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी सर्जनला दाखवा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथल्या सर्जरीच्या ओपीडीत हे तपासून मिळतं. आणि गोळा कडक झाला, दाबून आत जाईना, दुखायला लागला, रंग बदलला, उलट्या झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे. त्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. जुन्या मऊ लुगड्याने पोट बांधलं की बाळंतिणीला बरं वाटतं, उठताना टाक्यांना आधार मिळतो. शेक, तेल, डिंकाचे लाडू, अंधारी खोली, सव्वा महिना. या सगळ्यात खरं औषध एकच होतं: त्या सव्वा महिन्यात बाई वाकत नव्हती आणि पाणी भरत नव्हती. तिच्या वाटचं काम दुसरं कोणीतरी करत होतं. पट्टा आपोआप आखडण्याचे जे पहिले आठवडे मी वर सांगितले, नेमके तेच. गाठीपेक्षा त्या विश्रांतीने काम केलं. वारा वगैरे पोटात काही भरत नाही. गॅस होतो, पण तो आतड्यात. तो फटीतून शिरत नाही आणि बांधल्याने निघत नाही.

मला खटकतं ते पुढचं. सव्वा महिना संपतो, बाळंतीण न्हाते, देवाला जाऊन येते आणि दुसऱ्या दिवशी भरलेला हंडा डोक्यावर. चाळीस दिवस काही नाही आणि एक्केचाळिसाव्या दिवशी सगळं. ज्या पट्ट्याने सव्वा महिन्यात एक कळशी उचललेली नाही, त्याच्यावर हापसा, दळण, ओल्या कपड्यांची बादली, कडेवर थोरलं पोर, असं सगळं एकदम पडतं. बायकांचं पोट बिघडतं ते मला बहुतेक वेळा या पायरी नसलेल्या उडीत सापडतं. तुम्ही सिझर म्हणून तीन महिने जपलंत आणि मग सासूबाईंचा पाय मुरगळला म्हणून एकदम सगळं अंगावर आलं, असं लिहिलंय. माझ्या मते तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. तुम्ही ते कंसात घातलंत.

बेल्टबद्दल थोडक्यात. सिझरनंतर पहिले काही आठवडे चालताना, खोकताना आराम म्हणून बेल्ट ठीक. सात महिन्यांनी दिवसभर बांधायचं कारण नाही. बेल्ट फट बुजवत नाही, तो काढला की पोट होतं तिथेच येतं. आणि फार करकचून बांधला तर दाब खाली ओटीपोटावर, लघवीच्या जागेवर जातो. मिस्टरांनी प्रेमाने आणलाय, तर फेकू नका. वेचणीच्या दिवसांत दोन-तीन तास, हलक्या हाताने बांधून वापरता येईल.

मग करायचं काय? मी ज्या क्रमाने शिकवते तो सांगते, पण एक गोष्ट कबूल करून. अमुकच व्यायामाने फट बुजते असं ठाम सिद्ध झालेलं नाही. हे माझं आणि माझ्यासारख्या अनेकींचं कामातून बसलेलं गणित आहे.

सुरुवात श्वासाने. चूल पेटवताना फुंकणीने फुंकर घालता ना, लांब आणि एका धारेची? हात बरगड्यांखाली ठेवून तशी फुंकर घालून पाहा. पोट चारी बाजूंनी कमरेभोवती आपोआप आवळतं. तो आवळणारा स्नायू पट्ट्यासारखा आडवा असतो, सगळ्यात आतला, आणि मधल्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी ताण देणारा तोच. उताणं पडून, गुडघे वाकवून, नाकाने श्वास घ्या, बरगड्या छत्रीसारख्या रुंद होऊ द्या. मग फुंकर, आणि फुंकरीबरोबरच खालचं अंग आत-वर ओढणं. पाच आकडे धरा, सोडा. पूर्ण सोडणंही तेवढंच महत्त्वाचं. दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. बाळ झोपलं की एकदा, सकाळी उठण्याआधी एकदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र अडवून पाहू नका. हे एवढंसं वाटतं म्हणून बायका चौथ्या दिवशी सोडून देतात. दोन आठवडे सोडू नका.

ते जमलं की त्याच स्थितीत टाचेखाली फडकं ठेवून, फुंकर घालत एक पाय जमिनीवर लांब सरकवायचा, परत आणायचा. मग दोन्ही गुडघे जोडून हळूच एका बाजूला, दुसऱ्या बाजूला. मग कंबर उचलणं. मग लादी पुसायच्या स्थितीत, हातगुडघ्यांवर, एक हात पुढे, नंतर एक पाय मागे. मग खुर्चीवरून फुंकर घालत उठणं-बसणं. एका पायरीवर साधारण दोन आठवडे. कोणाला एक लागतो, कोणाला चार. बाळ रात्रभर जागवत असेल तर चारच धरा. प्रत्येक वेळी नजर पोटावर: मधला कणा उभा राहिला की समजायचं, ही पायरी आज जड आहे, एक खाली या. कणा दिसला म्हणजे काही फाटलं असं मुळीच नाही. वजन काटा दाखवतो तसा तो फक्त दाखवतो की एवढा भार पट्टा अजून पेलत नाही.

क्रंचेसचं भांडणही इथेच सुटतं. सोनोग्राफीखाली पाहिलं तर नुसती मान उचलल्यावर फट क्षणभर कमी होते, पण मधला पट्टा सुरकुततो. आधी आतला स्नायू आवळून मग मान उचलली तर फट तेवढी कमी होत नाही, मात्र पट्टा ताठ राहतो. म्हणजे मान उचलणं पाप नाही. कधी आणि कशी, यावर सगळं आहे. मोबाईलवरच्या दोन्ही बायका अर्धं अर्धं खरं सांगतात. तुम्ही आज शंभर क्रंचेस मारायला लागलात तर पोटाला कणा काढायची सवय लागेल. चार महिन्यांनी, कणा न येता दहा मारता आले तर खुशाल मारा.

व्यायामाची वीस मिनिटं झाली, उरलेल्या दिवसाचं काय? खाटेवरून थेट सरळ उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, कोपराने जोर देऊन उठा. बाळ उचलताना आधी फुंकर, मग उचल. श्वास कोंडून कधीच नाही. हंडा भरायचा असेल तर एक हंडा नको, दोन अर्ध्या कळश्या न्या, दोन खेपा होऊ द्या. दोन आठवडे अर्धी, मग पाऊण, मग भरलेली. हापसा मारताना दांडा खाली नेताना श्वास सोडा. थोरलं पोर कडेवर मागत असेल तर खाली बसून मांडीवर घ्या. ते रडेल पहिले दोन दिवस, मग त्याला सवय होते.

संडासला कुंथावं लागत असेल तर व्यायामाचं निम्मं पाणी होतं. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी कमी देतात, पालेभाजी बंद करतात आणि वर तुपाचे लाडू. मग मलावरोध व्हायचाच. पाणी भरपूर प्या. कळण्याची भाकरी, डाळ, मेथीची भाजी खा. सर्दी-खोकला असेल तर अंगावर काढू नका, खोकताना पोटावर उशी धरा.

कमरेचं दुखणं थेट फटीच्या खात्यावर घालायला मी तयार नाही. वर सांगितलेल्या अभ्यासातही फट असलेल्या बायकांची कंबर न-फटवाल्यांपेक्षा जास्त दुखत नव्हती. तुम्ही बाळाला पाजता कसं? भिंतीला न टेकता, मांडी घालून, बाळाकडे वाकून? दिवसातून आठ-दहा वेळा ती स्थिती झाली की कंबर दुखणारच. पाठीला भिंत, मांडीवर उशी आणि बाळ स्तनाकडे वर, तुम्ही बाळाकडे खाली नाही. आठ दिवस करून पाहा. रक्तही तपासून घ्या. बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या लोहाच्या गोळ्या आशाताई देतात. बऱ्याच जणी त्या डब्यात ठेवून देतात. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईचा व्यायाम दहा मिनिटांत थांबतो, मग ती म्हणते मला जमत नाही.

आणखी एक विचारते, कारण तुम्ही लिहिलेलं नाही आणि सहसा कोणी लिहीत नाही. शिंकताना, खोकताना, हापसा मारताना लघवी सुटते का? खाली जड वाटतं, अंग बाहेर आल्यासारखं वाटतं का? असेल तर लाजू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना नक्की सांगा. पोटाचा पट्टा आणि खालचं अंग एकाच पिशवीच्या दोन बाजू आहेत. मग उचलण्याच्या पायऱ्या मी आणखी सावकाश ठेवते.

फट पूर्ण बुजेल का? खरं सांगायचं तर कदाचित नाही. साडेतीनची अडीच होईल, तीन होईल. पारोळ्याकडची एक बाई माझ्याकडे पाच महिने येत होती. आली तेव्हा तीन बोटं, शेवटी मोजली तेव्हा अडीच. कागदावर काहीच नाही. पण पहिल्या दिवशी डोकं उचललं की तिच्या पोटावर वांग्याएवढा उंचवटा यायचा. शेवटी ती माझ्यासमोर भरलेली कळशी जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवत होती आणि पोट सपाट राहत होतं. म्हणाली, "पोट तेवढंच शे ताई, पन कयशी आते जड लागत नही." जाताना तिने विचारलं की आखाजीला माहेरी जाईन तेव्हा झोक्यावर बसू का. मी म्हटलं बस, उभी राहूनही खेळ, फक्त उंच जाताना श्वास कोंडू नकोस.

ऑपरेशन असतं. त्यात सैल पट्टा टाके घालून जवळ आणतात, लोंबणारी कातडी काढतात, बरोबर हर्निया असेल तर तोही दुरुस्त करतात. पण सहा महिने ते वर्षभर मनापासून व्यायाम करूनही बाईला वजन पेलत नसेल, किंवा हर्निया असेल, तेव्हाच मी तिला सर्जनकडे पाठवते. तुम्ही अजून सुरुवातच केलेली नाही. नुसतं दिसण्यासाठी करून घ्यायचं असेल तरी तो तुमचा हक्क आहे, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. फक्त त्यानंतरही पुन्हा काही आठवडे उचलायचं नसतं, हे घरात आधी बोलून ठेवावं लागतं.

राहिली वेचणी. जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. किलोवर मजुरी असते, मोसम दोन-तीन महिन्यांचा, घराचं गणित मला माहीत आहे. आजपासून श्वास आणि टाच सरकवणं सुरू केलंत तर महिन्याभरात पोट थोडं जागं होईल. पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस जा. झोळी पोटावरून बांधू नका, खांद्यावरून घ्या आणि पाव भरली की रिकामी करा, खेपा वाढल्या तरी चालतील. कमरेतून वाकून सलग वेचण्यापेक्षा खालची बोंडं गुडघ्यात वाकून वेचा, दर ओळीला एकदा सरळ उभं राहून दोन फुंकरी घाला. संध्याकाळी कापसाचं गाठोडं मात्र पहिला महिना तुम्ही उचलायचं नाही, डोक्यावर घ्यायचं नाही, कोणी "एवढंच आहे" म्हटलं तरी नाही. ते उचलायला मिस्टर बांधावर येतील की दीर, हे वेचणीला जायच्या आदल्या रात्रीच ठरवून घ्या.